दुहेरी कडेचा शिकंजा

मित्रांनो, दुकानात माझ्या पुठ्ठ्यावर ‘फ्लेअरिंग टूल’ असं छापलेलं होतं, पण तुम्ही मला शिकंजा म्हणा. भोकं पाडलेल्या दोन पोलादी पट्ट्या, वर टोकाला शंकू असलेल्या स्क्रूची एक कमान आणि सोबत गुंडीएवढे पाच साचे, एवढाच माझा पसारा. गाडीची पोलादी नळी माझ्या भोकात आवळतात आणि स्क्रू फिरवून तिचं तोंड कर्ण्यासारखं फुलवतात. ते तोंड नटाखाली नीट बसलं, की पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नाही.

मी महागातला नाही, कधीच नव्हतो. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या आमच्या गावात रॉय साल्मेलानं मला हार्डवेअरच्या दुकानात, दाराजवळच्या स्वस्त मालाच्या टोपलीतून उचललं. रॉय खनिज वाहणाऱ्या जहाजावर कामाला होता. माणूस चांगला, पण घायकुता. घरी आल्या आल्या त्यानं मला एक नळी दिली आणि सगळा जोर लावून स्क्रू फिरवला. नळी माझ्या पट्ट्यांतून मागे सरकली, तोंड वाकडं झालं.

“याला दात तरी आहेत का?” तो म्हणाला आणि त्यानं मला गंजक्या बोल्टांच्या डब्यात टाकलं.

त्या डब्यात मी सात वर्षं होतो. कुणी तो हलवला की मला वाटायचं, आता आपली पाळी. पण हात यायचा, एखादा बोल्ट घेऊन जायचा.

मग पंच्याण्णव सालचा नोव्हेंबर आला. रॉयची बायको एल्वी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि थंडीत आपल्या जुन्या पिकअपला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावून टेकडीचा रस्ता मोकळा करायची. टेकडीवर पाच घरं. सरकारी गाडी तिथे वादळानंतर तिसऱ्या दिवशी पोचायची. शेवटच्या घरात आउने राउटिओ राहायच्या. वय त्र्याहत्तर, एकट्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जावंच लागे.

रविवारी सकाळी एल्वीला पिकअपखाली पेट्रोलचा वास आला. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं पेट्रोलची नळी खाऊन टाकली होती, बोट लावलं तर पापुद्रे निघत होते. रेडिओवर सांगत होते, बुधवारी मोठं वादळ येणार. रॉय जहाजावर होता. तिनं गॅरेजवाल्या ट्रेव्हारोला फोन लावला.

“दहा दिवस तरी लागतील,” तो म्हणाला. “हिवाळा तोंडावर आला की तुम्हा सगळ्यांना एकदम जाग येते.”

“मग मीच बसवते.”

“रबराची नळी कोंबून क्लिपा लावणार असशील, तर आधी आग विझवणाऱ्यांना कळवून ठेव.”

एल्वीनं फोन ठेवला. तिनं टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, बॅटरीची तार सोडली, शेडमधली शेगडी विझवली. शहाणी बाई होती. मग दुकानातून नवी पोलादी नळी, नट आणि नळी कापायचं हत्यार घेऊन आली, आणि डबा उलटा करून मला बाहेर काढलं.

खरं सांगतो, सुरुवात वाईट झाली. पहिली नळी सरकली. दुसरीची कड तडकली. तिसरं तोंड मात्र छान फुललं. एल्वी खूश झाली आणि जोडायला गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की नट आधी नळीवर ओवायचा राहिला होता. फुललेल्या तोंडावरून तो आता चढेना. ती पायरीवर बसली आणि मला शेजारी ठेवलं. आता पुन्हा डबा, असंच मला वाटलं.

तेवढ्यात काठी टेकत आउने आल्या. हातात कापडात गुंडाळलेला वेलदोड्याचा पाव होता.

“अगं, शेडचं दार सताड उघडं, आणि तू थंडीत बसलीस होय?”

“काकू, नळी होत नाहीये. हे हत्यारच टाकाऊ आहे.”

आउनेंनी मला उचललं, उलटसुलट केलं, चष्मा वर करून पाहिलं.

“टाकाऊ नाही, साधं आहे. लढाईच्या दिवसांत मी विमानांच्या कारखान्यात होते. दोन वर्षं दुसरं काही केलंच नाही, नळ्यांची तोंडं फुलवली. चल, ऊठ. आणि काकूला बसायला काहीतरी दे.”

“काकू, तुम्ही कशाला दमता?”

“गुरुवारी त्या रस्त्यानं मलाच जायचंय. मी नाही दमायचं तर कुणी?”

त्या बादली पालथी घालून बसल्या आणि एल्वीकडून सगळं पहिल्यापासून करून घेतलं. नळी काटकोनात कापायची. कानशीनं तोंड सपाट करायचं, आतली कुसळं खरवडायची, बाहेरची धार थोडी उतरवायची. मग नट ओवायचा. “मोठ्यानं म्हण, नट ओवला,” आउने म्हणाल्या, आणि एल्वीला म्हणावं लागलं. साच्याच्या कडेच्या उंचीइतकीच नळी पट्ट्यांच्या वर ठेवायची. मला टेबलाला लावलेल्या व्हाइसच्या जबड्यात धरून असं आवळायचं, की नळीला सरकायला जागाच उरू नये. शेवटी साच्याला तेलाचा थेंब लावायचा.

“आता हळू. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. जोर नको लावूस, त्याला त्याचं काम करू दे.”

मित्रांनो, सात वर्षांनी मला कुणी नीट धरलं होतं. साच्यानं कड आत दुमडली, मग माझ्या शंकूनं ती दुमड खाली दाबली, आणि नळीला दुहेरी, गुळगुळीत, गोल कड आली. तशी कड मी करू शकतो हे मला आधीपासून ठाऊक होतं. सांगायची सोय नव्हती.

सोमवारी शाळेतून आल्यावर एल्वीनं नळी बसवली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, इंजिन चालू केलं. टाकीजवळच्या जोडाखाली एक ओला ठिपका पडला. तिनं इंजिन बंद केलं आणि पाना उचलला.

“आणखी आवळते.”

“नको,” शेजारी बादलीवर येऊन बसलेल्या आउने म्हणाल्या. “वाकडं तोंड आवळून सरळ होत नाही. काप आणि पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. दुसरं वर्तमानपत्र तासभर कोरडं राहिलं.

बुधवारी वादळ आलं. गुरुवारी सकाळी बर्फ दाराच्या कड्यांपर्यंत होता. पिकअप पहिल्या झटक्यात सुरू झाली. एल्वीनं टेकडी साफ करत करत आउनेंना शेजारच्या सीटवर बसवून मोठ्या रस्त्यावर इस्पितळाच्या गाडीपर्यंत पोचवलं. मी शेडमध्ये होतो. पण पातं खरवडल्याचा आवाज दूर जाताना ऐकला आणि बराच वेळ तो थांबला नाही.

आउनेंनी त्यानंतर चार हिवाळे पाहिले. जानेवारीत रॉय घरी आला, नळी पाहून म्हणाला, “ट्रेव्हारोनं काम चांगलं केलंय.” एल्वीनं त्याची चूक लगेच दुरुस्त केली नाही, जेवण होईपर्यंत मजा घेतली. पुढे टेकडीवरच्या पाचही घरांच्या गाड्यांच्या नळ्या माझ्या हाताखालून गेल्या, ब्रेकच्यासुद्धा.

आता माझं वय झालंय. मधल्या भोकाची धार बोथट झालीय, स्क्रूचे आटे झिजलेत. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर काम झाल्यावर पुसा, तेलाचं बोट फिरवा, कोरड्या जागी ठेवा. आणि माझं एक मागणं आहे. ज्या दिवशी माझा स्क्रू घसरेल, त्या दिवशी जुना सोबती म्हणून मला वापरत राहू नका. त्या नळीच्या भरवशावर कुणीतरी गाडीत बसणार असतं. तेव्हा निर्धास्तपणे नवा शिकंजा आणा, आणि नट आधी ओवा.