सासरेबुवांच्या पोटावर

सकाळी नाटकाची तालीम, दुपारी कुठल्यातरी कंपनीच्या समारंभात लोकांना हसवणं आणि संध्याकाळी कुस्ती. अशी त्याची तीन दुकानं होती आणि एकही धड चालत नव्हतं. सगळे त्याला जावईबापूच म्हणत. कुस्तीच्या खेळात तो आळशी, लाडावलेला जावई व्हायचा आणि एक जुना, म्हातारा पैलवान त्याचा सासरा. ही कुस्ती आधी ठरवलेली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण पडावं मात्र खरंच लागतं. पाठ खरी, गुडघे खरे, रात्री चोळायचं मलमही खरं.

मलम चोळताना बायको म्हणाली होती, "एक काहीतरी धड करा ना." त्याला ते मनापासून पटलं होतं. कुठलं एक, एवढंच कळत नव्हतं.

मग त्याला नाटकात बापाची भूमिका मिळाली. आजारी मुलीच्या उशाशी बसलेला बाप, तोंडी एकही विनोद नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी गंभीर काम दिलं होतं, ते हातचं जाऊ नये म्हणून तो जिवाचं रान करत होता. पण तालमीला बसलेली माणसंसुद्धा त्याचं तोंड दिसलं की फिसकन हसायची. त्या दिवशी दिग्दर्शक बाईंनी स्पष्टच सांगितलं.

"शुक्रवारी प्रयोग आहे. तुम्हाला बघून लोक हसले, तर नाटकातली माझी पोरगी फुकट मरते. नाही जमलं तर दुसरा माणूस उभा करावा लागेल मला." त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. म्हणून ते जास्तच लागलं. संध्याकाळी त्या कुस्ती बघायलाही आल्या, हा माणूस असं करतो तरी काय ते पाहायला.

कुस्तीआधी, खुर्च्या रचून ठेवलेल्या खोलीत म्हातारा गुडघ्याला पट्टी बांधत बसला होता.

"तोंड का पाडलंय, जावईबापू?"

"नाटकात एकदा तरी लोक माझ्यासमोर गप्प बसावेत असं वाटतं, काका."

"कंटाळा आणा की त्यांना. सोपं आहे."

या धंद्यात एक रीत असते. समोरच्याला आपटलं की त्याचा हात हळूच दाबायचा. त्याने उलट दाबला की तो ठीक आहे, खेळ पुढे न्यायचा. खेळ रंगात आल्यावर त्याने म्हाताऱ्याला आपटलं, हात दाबला. उत्तर आलं नाही. घामाने कळलं नसेल, असं तो धरून चालला. खरं तर पाठ ठणकत होती आणि कधी एकदा बसतो असं झालं होतं. ठरल्याप्रमाणे तो सासरेबुवांच्या पोटावर बसला आणि पेपर उघडून वाचू लागला. लोक हसून लोळायला लागले. इथे म्हाताऱ्याने कण्हायचं असतं. त्याने पान उलटलं, तरी खालून हूं नाही की चूं नाही. वाकून बघतो तर म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालेलं.

तो ताडकन उठला. "खेळ थांबवा. डॉक्टरांना बोलवा कुणीतरी."

हाही खेळच समजून पंचसुद्धा हसला. तो जितका काकुळतीला येत गेला, तितका हशा वाढत गेला. शेवटी त्याचा आवाजच बसला. तो खाली बसला, म्हाताऱ्याचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि नुसता बसून राहिला. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची, मग सगळा हॉल. हवी होती ती शांतता मिळाली होती. आणि कुणीतरी हसा रे, म्हणून हात जोडावेत असं त्याला वाटत होतं.

म्हाताऱ्याला गाडीत घातल्यावर बाई डोळे पुसत जवळ आल्या. "हेच हवंय मला. शुक्रवारी अगदी असंच बसा."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, ते नाटक नव्हतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

काही झालं तरी तसं करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण शुक्रवारी ती वेळ आली आणि हातांनी आपणहून मुलीचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. एकही माणूस हसला नाही. नंतर कितीतरी वेळ टाळ्या चालल्या होत्या, आणि त्याला चोरासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. म्हाताऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. शब्द जड येत होते, पण येत होते.

"काल नाटकात हसले लोक?"

"एकपण नाही." मग त्याला राहवेना. "काका, तुमच्या पोटावर बसलो ते बसलो, वर ते सगळं जसंच्या तसं उचलून नाटकात वापरलं. लाज वाटते मला."

म्हाताऱ्याने विचारलं,

"पुढचा प्रयोग कधी?"

"उद्या."

"मग घरी जाऊन झोपा, जावईबापू," म्हातारा म्हणाला. "उद्या तुमच्या त्या नाटकात परत पडायचंय मला."