सुकं सामान

केबे डोलोनं सात वर्षं न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावर, टार्गी स्ट्रीटला, फुटपाथवर घडीचं टेबल मांडून लायबेरियाचं सामान विकलं. पामतेल, कसाव्याचा पाला, मिरची आणि धुरी दिलेले मासे. हिवाळ्यात तेलही गोठायचं आणि बोटंही. त्यामुळे समोरच्या रिकाम्या दुकानावर ‘भाड्याने देणे’ अशी पाटी लागली, तशी ती त्याच दिवशी मालकाकडे गेली.

मालक स्काडुटो दुकानाच्या वरच राहायचा. पंच्याहत्तरी ओलांडलेला, लालबुंद आणि तोंडाचा फटकळ.

“महिना बत्तीसशे डॉलर. विकणार काय?”

“सुकं सामान,” केबे म्हणाली. अगदीच थाप नव्हती ती. मासे सुकेच होते.

“मासे नाहीत ना? तो वास जिन्यानं सरळ माझ्या उशीपर्यंत येतो.”

केबेनं घाम पुसला. “उद्या घरच्या मोठ्या माणसाला घेऊन येते. बोलणी तेच करतील.”

मोठं माणूस म्हणजे ओरेथा मावशी. बेटावरच्या इटालियन म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळण्यात तिची बावीस वर्षं गेली होती.

“मावशी, माशांचं नाव काढायचं नाही हं,” केबेनं वाटेत दहादा बजावलं.

“मी कशाला काढू?” मावशी म्हणाली.

स्काडुटोनं दार उघडलं. मावशी म्हणाली, “ही पोरगी मासे विकते. पिंपंच्या पिंपं.”

केबेनं मावशीची बाही ओढली. म्हातारा पेटला. “चालत्या व्हा इथून!”

“चेहरा बघा कसा झालाय! प्रेशरची गोळी घेतली का आज?”

म्हातारा चाचरला. “न्याहारीनंतर घेणार होतो.”

“दुपारचे दोन वाजलेत. बसा.”

तो स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. मावशीनं पिशवीतून यंत्र काढलं, त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“नाताळच्या आदल्या रात्री काय शिजवता?”

“खारवलेला कॉड.”

“तीन दिवस भिजत कुठं घालता?”

“तळघरात.”

“मग त्याला काय अत्तराचा वास येतो?”

“तो आमचा मासा आहे!”

“आणि हा आमचा. हात हलवू नका, आकडा चुकेल.”

पट्टा सुटेपर्यंत भाडं सत्तावीसशेवर आलं होतं. मासे झाकणाच्या पिंपात ठेवायचे, एवढीच अट. करारनाम्याच्या तळाशी म्हाताऱ्यानं स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: दर सोमवारी ओरेथाबाईंनी प्रेशर तपासावं, फुकट. केबेनं आनंदानं सही ठोकली.

तिसऱ्या आठवड्यात वरच्या न्हाणीघरातून दुकानात गळती लागली, ती भिंत डागाळून नेमकी तांदळाच्या पोत्यांवर. केबे तणतणत वर निघाली, तर मावशी जिन्यात आडवी आली.

“त्याचं प्रेशर एकशे अठ्ठावन्न आहे. आज काही सांगायचं नाही.”

पुढच्या सोमवारी एकशे बासष्ट. केबेनं खाली दुसरी बादली लावली.

“मावशी, तू कुणाच्या बाजूनं आहेस? माझ्या की त्याच्या?”

“मी प्रेशरच्या बाजूनं आहे.”

पाचव्या सोमवारी वरून हाक आली, “केबे! एकशे बत्तीस! पळत ये!”

केबे फोनमधले गळतीचे फोटो घेऊन धावली. म्हाताऱ्यानं ते पाहिले, तीन संतांची नावं घेऊन शिव्या हासडल्या आणि तिथल्या तिथं प्लंबरला बोलावलं. मावशीनं पुन्हा पट्टा बांधला. एकशे ऐंशी.

“भिंतीच्या रंगाचं आता पुढच्या महिन्यात बघू,” जिना उतरताना मावशी म्हणाली.