ढकलायचं नाही

मधुकररावांना हळू चालताना कॉलनीत कुणी पाहिलं नव्हतं. कळमन्याच्या बाजारात त्यांनी उभा जन्म संत्र्याची अडत केली, आणि तिथे बोली लागत असताना जो पापणी मिटेल त्याच्या हातचा माल गेलाच म्हणून समजा. ती घाई त्यांच्या अंगात मुरली होती. वच्छलाबाई दुसरी पोळी तव्यावर टाकेपर्यंत यांची पहिली संपलेली असे आणि हे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. अडत मुलाच्या, पियुषच्या, हाती दिली तरी घाई उतरली नाही. आता फक्त ती घेऊन जायचं कुठे, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

मग ते पडू लागले. एकदा पायजम्यात पाय घालताना पलंगावर आडवे झाले. एकदा अंगणातल्या पायरीवरून थेट तुळशीपाशी. तेव्हा मात्र पियुषने त्यांना गाडीत घालून धंतोलीत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. मधुकररावांनी टेबल धरलं.

"टेबल सोडा," डॉक्टर म्हणाले.

"सोडलं तर पडीन ना मी."

"तेच तर म्हणतो. बीपी थोडं वर आहे, गुडघे वयाच्या मानाने ठीक. पण तोल गेलाय. पुढच्या वेळी पडलात तर खुबा जाईल. तुमच्या कॉलनीत ताई-ची शिकवतात म्हणे, तिथे जा."

"कोणत्या ताईची?"

"ताई-ची, काका. चिनी व्यायाम आहे. अगदी सावकाश करायचा."

मधुकररावांना सगळ्यात वाईट वाटलं ते शेवटच्या शब्दाचं. घरी परतल्यावर त्यांनी जाणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई पायजमा हातात घेऊन पलंगाशी उभ्या राहिल्या.

"हे काय वं?"

"तुम्ही पाय घाला, मी धरते. आता रोज धरत जाईन."

त्याच सकाळी मधुकरराव क्लासला गेले.

क्लास समाजभवनाच्या वरच्या हॉलमध्ये होता. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात लग्नाच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, आणि समोर वंदनाताई. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि हा चिनी प्रकार पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या. कॉलनीत सगळे त्याला 'ताईचा क्लास' म्हणत, त्यामुळे डॉक्टरांचं आणि मधुकररावांचं दोघांचंही बरोबर निघालं.

"हात असे वर येऊ द्या," वंदनाताई म्हणाल्या. "पाण्यावर तरंगतात तसे. श्वास सोबत. मग वजन या पायावरून त्या पायावर. पूर्ण वजन गेल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. घोट्यात, मांडीत ताकद येते ती यानेच."

बाकीच्यांचे हात खांद्यापर्यंत येईतो मधुकररावांनी आपले वर नेले, खाली आणले, दोन्ही पायांवर वजन देऊन घेतलं.

"झालं," ते म्हणाले. "पुढचं सांगा."

"काका, इथे लवकर संपवण्याचं बक्षीस नाही."

पार्वतीबाई नावाच्या गुडघ्यांच्या पेशंट होत्या, त्या खुदकन हसल्या. कोण हसलं ते पाहायला मधुकररावांनी आरशात नजर टाकली आणि मागच्या रांगेत त्यांना भैयाजी दिसले.

भैयाजी मागच्या गल्लीत राहत. एकेकाळी दोघांचं एका ताटात जेवण. पियुषच्या लग्नात भैयाजींनी वडाभाताचा वडा तोंडात टाकला आणि त्यांचा दात पडला. तो तळहातावर घेऊन ते भरल्या पंगतीत म्हणाले, "मधुकर, वडे तळले का वीटभट्टीत भाजले गा?" सगळा मांडव हसला. मधुकररावांचं म्हणणं, दात आधीच हलत होता. भैयाजींचं म्हणणं, यजमानाने आधी विचारायला पाहिजे होतं, लागलं का म्हणून. तेव्हापासून बोलणं बंद. पियुषची मुलगी शाळेत जाऊ लागली तरी बंदच. भैयाजींच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मधुकररावांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, की त्या माणसाच्या दारात आपल्या घरचं कोणी पाय ठेवणार नाही.

आणि तोच माणूस आरशात ढगासारखा हात हलवत होता. सुरेख हलवत होता. जन्मभर भैयाजींच्या संथपणाची मधुकररावांनी टिंगल केली होती. रेल्वेचं फाटक उघडलं तरी हा माणूस मागच्याने हॉर्न दिल्याशिवाय निघत नसे. आणि इथे नेमके संथपणालाच मार्क.

क्लास सोडावा तर कारण सांगावं लागणार, आणि घरी पायजमा वाट पाहत होता. मधुकररावांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते जात राहिले आणि मागच्या रांगेकडे बघायचं टाळत राहिले.

पुढे वंदनाताईंनी जोड्या लावल्या, त्याही उंचीने. हे दोघे समोरासमोर आले.

"मनगटाला मनगट लावा. समोरचा पुढे आला की आपण मागे, आपण पुढे गेलो की तो मागे. ढकलायचं नाही, अडवायचंही नाही."

"ताई," मधुकरराव म्हणाले, "यांना सांगा, हात सैल सोडा."

"ताई," भैयाजी म्हणाले, "त्यांना सांगा, सैलच आहे."

"मी कुणाला काही सांगणार नाही," वंदनाताई म्हणाल्या. "श्वास घ्या."

मधुकररावांनी श्वास घेतला आणि मांडवातल्या त्या हशासकट सगळा जोर मनगटात आणून ढकललं. भैयाजींनी नुसती कंबर वळवली. समोर ढकलायला कुणी उरलंच नाही. मधुकरराव त्यांच्या बाजूने सरळ निघून गेले ते खुर्च्यांच्या चळतीत.

भैयाजी आपल्या नेहमीच्या चालीने तिथवर आले आणि वाकून म्हणाले, "लागलं का गा?"

मधुकरराव खुर्चीच्या पायातून आपलं कोपर सोडवत होते. उत्तर द्यावं की नाही, हे ठरवायला त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले.

एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधी येऊन बसले.

घरी त्यांनी वच्छलाबाईंवर सराव सुरू केला. "इकडे ये वं. मनगट लाव."

त्यांच्या हाताला कणीक होती. तशीच त्यांनी मनगटं लावली. मधुकररावांनी ढकललं, पुन्हा ढकललं, पण ओट्याशी उभी असलेली ती बाई तसूभर हलली नाही.

"तू कुठं शिकली हे?"

"मी काय शिकली? मी उभी आहे. तुम्हीच ढकलून राहिले. पाय पाहा तुमचे, एक घरात अन् एक दारात." त्यांनी हात सोडवून घेतला. "सोडा, पोळ्या व्हायच्या आहेत."

मधुकररावांनी पाय पाहिले. खरंच एक दारात होता.

थंडी पडली. एका सकाळी त्यांनी उभ्याउभ्या, कशालाही न धरता पायजमा घातला आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. वच्छलाबाईंच्या आलं. झोप सलग लागू लागली. जिना उतरताना कठड्याकडे जाणारा हात खिशातच राहू लागला. धंतोलीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, मान डोलावली, आणि या वेळी टेबल मधुकररावांनी आपणच दूर सरकवलं. ते घास चावून खाऊ लागले तेव्हा मात्र वच्छलाबाई घाबरल्या. "अवो, बरं वाटून राहिलं ना तुम्हाले?"

क्लासमध्ये भैयाजींशी बोलणं फार होत नसे. "कोपर खाली." "हो." "तू कंबर अडकवली." "अडकवली खरी." पण मनगटं एकमेकांना लागली की दोघं नदीतल्या दोन होड्यांसारखे मागेपुढे होत. मधुकररावांना कधीकधी वाटे, आपण जन्मात एवढं गप्प कुणाजवळच राहिलो नाही.

एका रविवारी हॉल लग्नाला दिला होता, म्हणून वंदनाताईंनी क्लास कॉलनीच्या बागेत घेतला. त्याच वेळी पियुष तर्री पोहे घेऊन बागेजवळून घरी चालला होता. बायकोने, उन्नतीने, तर्रीचा लाल रस्सा वेगळ्या पिशवीत, जास्तीचा आणायला सांगितला होता. त्याने कुंपणावरून पाहिलं तर आपले वडील आणि भैयाजी एकमेकांचे हात धरून झुंजताहेत आणि बाकीचे म्हातारे आजूबाजूला हातवारे करताहेत.

"बाबा, सोडा त्यांना," असं ओरडत तो फाटकातून धावत आला आणि वडिलांच्या खांद्यावर झेपावला.

मधुकररावांनी काही ठरवून केलं नाही. खांद्यावर जोर आला तशी कंबर आपली आपण वळली. पियुष त्यांच्या बाजूने, पोह्यांसकट, मेंदीच्या कुंपणात गेला. तर्रीची पिशवी फुटली. पांढरा शर्ट छातीपासून लालभडक झालेला पाहून पार्वतीबाई "रक्त, रक्त" म्हणून बाकावर बसल्या.

"तर्री आहे," पियुष कुंपणातून म्हणाला. "बाबा, तुम्ही भैयाजी काकांसोबत मारामारी काहून करून राहिले?"

"मारामारी कुठं? शिकून राहिलो."

"यांच्यासोबत? कधीपासून?"

मधुकरराव कुंपणातलं पोह्यांचं पुडकं शोधू लागले. "दिवाळीच्या आधीपासून," भैयाजींनी सांगून टाकलं आणि पियुषला उठायला हात दिला. "पोरा, तू पुढे आला, पण पाय तुझे फाटकातच राहिले गा."

घरी जाताना मधुकरराव मनात उत्तरं जुळवत होते. आता वच्छला विचारणार, की आम्हाला लग्नाला जाऊ दिलं नाही आणि स्वतः रोज हातात हात घालता. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. वच्छलाबाईंनी शर्ट भिजत घातला.

"कामिनीने सांगितलं मले," त्या म्हणाल्या. कामिनी म्हणजे भैयाजींची बायको. "तुम्ही खुर्च्यांत पडले त्याच दिवशी."

"तुमचं बोलणं आहे?"

"आमचं बंद कधी होतं? लग्नालेही गेली होती मी. तुम्ही झोपले होते."

मधुकररावांनी दोन श्वास घेतले, वंदनाताईंनी शिकवल्यासारखे, आणि चहा मागितला.

वड्याचा विषय अजून निघालेला नाही. पियुषचा खांदा मात्र दुखावला. वंदनाताईंनी तो तपासला, मग त्याला एका पायावर उभं राहायला सांगितलं. या बलदंड, चाळिशीही न गाठलेल्या माणसाने खिडकीचा गज धरला. हल्ली तो सकाळी हॉलमध्ये दोघांच्या मधोमध उभा असतो. डावीकडून बाप म्हणतो, "घाई करून राहिला." उजवीकडून भैयाजी म्हणतात, "आता थांबलाच की तू, वजन टाक." आणि वंदनाताई दोघांनाही गप्प बसायला सांगतात.