करंट दिलेला नाही

आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवायचं नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं; ठेवायचं कोणाकडे, यावर मात्र नव्हतं. तो घोळ बाबांनीच मिटवला. मी इथून हलणार नाही म्हणाले आणि हॉलमधल्या दिवाणावर आपली गादी टाकली. आतल्या खोलीत ते आता झोपत नसत.

मग मुलीने कॅमेऱ्याचा विषय काढला. गुडघा दुखरा, सकाळी कामाला येणारी बाई सोडली तर घरात दुसरं माणूस नाही, उद्या पडलेबिडले तर कोणाला कळणार? बाबांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर कबूल झाले. बसवा हवा तर, पण चालू कधी करायचा ते मी सांगेन.

"चोरासाठी बसवताय की माझ्यासाठी?" त्यांनी कॅमेरेवाल्याला विचारलं. तो हसला आणि शिडीवर चढला. राउटरशेजारी त्याने एक छोटा डबा ठेवला होता. त्यातून एकच राखाडी केबल भिंतीच्या कडेकडेने छतापर्यंत नेली, कॅमेऱ्यात खोचली, आणि मुलीच्या मोबाइलवर हॉल दिसू लागला. चित्रही याच केबलमधून येतं आणि वीजही याच केबलमधून जाते, वेगळा प्लग लागत नाही, असं त्याने तिला समजावलं. बाबा तेव्हा आत चहा टाकत होते.

बाबांचा सगळा जन्म वायरमनकीत गेलेला. अर्ध्या गावातल्या घरांच्या भिंतींत त्यांनी ओढलेल्या वायरी होत्या. चहा घेऊन ते बाहेर आले, मान वर करून केबल न्याहाळली आणि चेहरा खुलला.

"ही तर टेलिफोनची तार. फेज कुठाय, न्यूट्रल कुठाय? अगं, पॉइंट काढायचाच राहिला." मग कप पुढे करत म्हणाले, "असू दे. गुडघा बरा झाला की मीच ओढतो. तोवर तो आंधळा."

मुलीने बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिने चहाला लावलं. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं कोणीतरी आयतं हातात आणून दिल्यासारखं तिला वाटलं. कॅमेरेवाला निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली आणि कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा बंद करता येतो का, विचारलं. बाबांच्या डोळ्यांना टोचतो म्हणाली. त्याने मोबाइलवरच तो बंद केला.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती बाबांना बघत बसायची. बाबा पोट खाजवत पेपर वाचत, शब्दकोडं अडलं की छताकडे बघत, म्हणजे तिच्याचकडे. खालच्या मजल्यावरच्या काकांना ते कौतुकाने कॅमेरा दाखवत आणि अजून करंट दिलेला नाही म्हणून सांगत. आई गेल्यापासून या माणसाशी धड चार वाक्यं बोलणं तिला जमलं नव्हतं. त्यांना नुसतं बघणं सोपं होतं.

मग एका सकाळी तिने बाबांना दिवाणाच्या कडेला बसलेलं पाहिलं. त्यांनी हात मागे नेऊन गादी चाचपली आणि तळवा नाकाशी नेला. घरात कोणी नसताना दाराकडे बघितलं. मग उठून चादर ओढली आणि तिचा बोळा काखेत धरून, भिंतीला हात टेकत न्हाणीघराकडे निघाले.

तिने मोबाइल पालथा ठेवायला हवा होता. तिने फोन लावला. बोळा काखेत तसाच धरून बाबा दिवाणाजवळ परतले आणि त्यांनी तो उचलला. झोप कशी झाली, गोळी घेतली का, असं इकडचं तिकडचं विचारलं. न्हाणीघरातल्या लादीवर ते घसरतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"ती चादर राहू द्या बाबा, वाकू नका. बाई धुवेल."

चित्रातल्या बाबांनी फोन कानाला तसाच धरून मान वर केली.

"चालू आहे तो," ते म्हणाले.

ती घाईघाईने सांगू लागली, की हल्ली केबलमधूनच वीज जाते, नवीन पद्धत आहे, मी सांगणारच होते. नापास झालेल्या विषयाबद्दल ऐकावं तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर दिवाण रिकामाच दिसू लागला. गादीही गेली. मधूनच बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून, केस विंचरून, लग्नाच्या फोटोत चालल्यासारखे हॉलमधून इकडून तिकडे जात. तिला बघवेना. रजा टाकून ती आली.

दार बाईने उघडलं. "तुमच्या बाबांनी बिऱ्हाड हलवलं," ती म्हणाली.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळकांडीत त्यांनी जमिनीवर गादी घातली होती. गादीची एक कड भिंतीवर चढली होती. खाली बसलं की भिंतीला धरल्याशिवाय ज्याला उठता येत नाही, तो माणूस तिथे झोपत होता.

"इथे दिसत नाही ना?" वारा लागतो का विचारावं, तसं बाबांनी विचारलं. "मी सगळीकडे उभं राहून बघितलं. इथवर त्याची नजर पोचत नसावी. पण मला आता त्यातलं काय कळतंय."

ती स्टूल घेऊन हॉलमध्ये गेली आणि वर चढली. बाबा लंगडत मागे आले आणि त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं. केबल निघेना.

"खिट्टी दाब आधी," ते खालून म्हणाले. "टेलिफोनसारखीच असेल."

तिने खिट्टी दाबली. केबल हातात आली. तिने माफी मागायला सुरुवात केली.

"शेवटी शेवटी तुझ्या आईच्या चादरी मी धुवायचो," बाबा म्हणाले. "बाई यायच्या आत. मुलांना कळू देऊ नका, एवढंच तिने मागितलं होतं."

"मला नव्हतं कळलं."

"नाहीच कळलं," ते म्हणाले. आवाजात जराशी ऐट होती. मग तीही ओसरली. "उतर आता."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उतरलं असतं तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. बाबांनी पुन्हा सांगितलं नाही. दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि ते स्टूल धरून थांबले.