दारुड्याचं सोंग

"दारुडा करायचा तर पडायचं नाही, हितेंद्र. पडू नये म्हणून जो जिवाचा आटापिटा करतो, तो खरा दारुडा. लोकांना हसू त्याचंच येतं."

तात्यांचं हे सांगणं वैशालीने लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की तात्यांना कधी न पाहताही त्यांचा आवाज तिच्या कानात बसला होता. गिरणीतली पोरं गोळा करून तात्या नाटकं बसवत. तिथे हितेंद्र परबच्या वाट्याला दारुडा आला आणि मग जन्मभर तोच येत राहिला. आधी कामगारांच्या स्पर्धेत, मग धंदेवाईक नाटकांत, मग मालिकांत. ओठाला कधी थेंब न लावलेला, गळ्यात तुळशीची माळ घालणारा हा माणूस सगळ्या लालबागचा लाडका बेवडा होता.

आणि आज तो चाळीच्या जिन्यात खरोखरच अडला होता. पाय पायरीला चिकटल्यासारखा उचलेना. वैशाली भाजीची पिशवी घेऊन मागे उभी. वरून शेजारची शेफाली उतरत होती.

"काका, काय झालं?"

हितेंद्रने क्षणात मान एका बाजूला टाकली आणि कठड्याला मिठी मारली. "कोण, शेफाली? एक की दोन? दोघी जरा बाजूक व्हा गो, माका जाऊ दे!"

शेफाली हसली, पण नाकाशी ओढणी धरून घाईने खाली गेली. जाताना तिने वैशालीकडे पाहिलं, ते कीव करत.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी निदान केलं होतं. पार्किन्सन, म्हणजे आपल्याकडचा कंपवात. हात थरथरेल, पाय अडेल, बोलणं जड होईल, चेहरा हळूहळू कोरा पडत जाईल. गोळ्या चुकवू नका, व्यायाम करा. त्या दिवशी घरी आल्याआल्या हितेंद्र म्हणाला होता, "कोणाक सांगू नको." वैशालीने मान हलवली आणि संकष्टीला गणपतीकडेही तेच मागितलं, बाप्पा, कोणाला कळू देऊ नकोस.

बाप्पाने ऐकलं. कोणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, परबकाका शेवटी खरंच प्यायला लागले.

संध्याकाळी मंडळाचा स्वरूप आला. चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून म्हणाला, "काकी, रविवारी भोईवाड्याला देवळाच्या हॉलमध्ये व्यसनमुक्तीचा प्रोग्राम आहे. काकांना आणा ना. पाठी खुर्ची ठेवतो, नाव पण नाय घेणार कोणाचं. आई बोलते, काकींच्या संकष्ट्या फुकट नाय जाणार. सुटेल त्यांची."

तो गेल्यावर आतून हितेंद्रचा आवाज आला. "बघितलंस? काम जमतंय अजून."

वैशालीने पोळी तव्यावरच सोडली. "अहो, माझा उपास लोकांनी तुमच्या दारूला लावलाय."

"लावू दे गो. बेवडा आहे पण नट भारी, असं म्हणून बेवड्याला काम देतात. आजाऱ्याला कोण देतो? आजाऱ्याला बघायला येतात. सफरचंदं घेऊन."

"आले तर येऊ देत. चिरून त्यांनाच देईन." "देवापुढे बसते ना, तेव्हा चोरी केल्यासारखं वाटतं मला. तुम्ही काय चोरी केलीत?"

तो आतल्या दारात येऊन उभा राहिला. एके काळी नुसती भुवई उचलून टाळी घेणारा तो चेहरा. त्याला राग आलाय की रडू, हे आता तिलाही कळत नव्हतं. पोळी करपल्याचा वास आला, तशी ती वळली.

"रविवारी कुठची साडी नेसतेस?" त्याने मागून विचारलं.

रविवारी स्वरूपने ठेवलेल्या खुर्चीत तो बसलाच नाही. पाहुण्यांचं भाषण संपताच झोकांड्या खात माईककडे निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. माईकशी पोचल्यावर तो सरळ उभा राहिला.

"सोंग संपलं. मी थांबलो." त्याने उजवा हात वर धरला. "आता ह्याच्याकडे बघा. हा थांबत नाही."

मागे थोडा वेळ हसणं चालूच होतं. मग तेही विरलं.

"पार्किन्सन म्हणतात याला. दारू मी कधी प्यालो नाही, ही माळ घालून खोटं बोलत नाही. वर्षभर तुम्हाला फसवलं, कारण बेवडा म्हटलेलं मला चाललं, आजारी म्हटलेलं नाही. माझ्या बायकोला काय चाललं, ते मी विचारलं नाही." तो दम घ्यायला थांबला. "घरात कोणाचा हात थरथरत असेल, पाय अडत असेल, तर त्याला बेवडा म्हणू नका. म्हातारचळ म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. आजार जात नाही. पण औषध आहे, व्यायाम आहे. मी उभा आहे ना तुमच्यासमोर?"

मागून मंडळाच्या एका पोराने विचारलं, "म्हणजे काका, सोडायला तुम्ही कधी धरलीच नव्हती?"

"नाही रे बाबा!"

"मग आमची एक विकेट फुकट गेली!"

अख्खा हॉल हसला. स्वरूप डोळे पुसत हसला. वैशालीही हसली, आणि वर्षभर छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं.

चहाच्या वेळी एक कोळीण हितेंद्रपाशी येऊन टेकली. गंगुबाई. उजवा हात पदराखाली घट्ट धरलेला.

"भाऊ, मना खरं सांग. ह्यो रोग बायांना पन होते?"

"होतो."

"मासली कापाला कोयती धरवत नाय. बाजारात बसायची बंद झाले. सून बोलते, म्हातारी नाटक करते."

"नाटक कसं असतं ते मला विचारा, मावशी." त्याने त्या पदराकडे पाहिलं. "गुरुवारी मी दवाखान्यात जाणार आहे. तुम्हाला घ्यायला येतो."

"आरं, तुजा पाय असा. माजं घर पार भोईवाड्याच्या त्या टोकाला."

"वेळ लागेल. पण येणार."

मधल्या दिवसांत, आधी ठरलेल्या मालिकेच्या शूटिंगवाल्यांचा निरोप आला, 'बघू, कळवतो.' हितेंद्रने तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. मंगळवारी अंगारकी संकष्टी होती. चंद्रोदयाला नैवेद्य दाखवताना वैशालीला मागायला काही सुचलंच नाही. तिने नुसते हात जोडले. आणि त्या रात्री तिला जेवण गोड लागलं.

गुरुवारी हितेंद्रने गोळी घेतली, धुतलेला शर्ट चढवला. वरचं बटण लागेना, ते वैशालीने लावलं.

"मी येऊ सोबत?"

"नको. तिला वाटेल माझी काळजी घ्यायला आलीस. आज मी तिची घ्यायला चाललोय."

ती गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून जात होती. कोपऱ्यावर तो थांबला, जरा उभा राहिला, मग भोईवाड्याच्या दिशेने वळला. घाई नव्हती. सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी तो निघाला होता.