जिभेखालची जागा

मित्रांनो, मी मुठीत मावेल एवढा एक जुना, सुका भोपळा आहे. दूरच्या मर्गिलान शहरातल्या नोर्मत विणकराच्या कमरेच्या रुमालात माझी तीस वर्षं गेली. ही गोष्ट तुमच्यातल्या मोठ्यांसाठी आहे, आणि ती सांगताना मला माझाच मत्सर कबूल करावा लागणार आहे.

वेलीवर कोवळा असताना कुणीतरी माझ्या कमरेला दोरा बांधला, म्हणून मी असा डौलदार झालो. वाळल्यावर माझ्यातल्या बिया काढल्या, मला मेंढीच्या चरबीने घासलं आणि आत हिरवट तंबाखू भरली. नोर्मत तिची चिमूट जिभेखाली धरी आणि दिवसभर माग चालवी. चहाखान्यात मी हातोहात फिरत असे. "भोपळा पाहावा तर नोर्मतचा!" असं लोक म्हणत.

एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. कळ आली की एक जिभेखाली ठेवायची. नोर्मतने मला धुऊन उन्हात वाळवलं आणि त्या गोळ्या माझ्यातच भरल्या. त्याच्या जिभेखालची जागा माझीच राहिली.

पहिली बायको वारल्यावर पाच वर्षांनी त्याने विधवा कुमरीशी लग्न केलं. पण शेजेवर शरीर साथ देईना. तो कुमरीची नजर चुकवू लागला. ह्याच्या मनात दुसरीच कुणी आहे, असं तिला वाटू लागलं.

आमच्याकडे गुरुवारची रात्र नवराबायकोची मानतात; त्या दिवशी घरोघरी पुलाव शिजतो आणि नवराबायकोंची थट्टा होते. "काय रे नोर्मत," त्याचा मित्र सत्तोर चहाखान्यात ओरडला, "घरी पुलाव शिजतोय आणि नवरदेव इथे चहा ढोसतोय?"

"तोंड आवर, सत्तोर."

सत्तोर हसायचा थांबला. मग त्यानेच नोर्मतला अशा तक्रारींच्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं.

"आणखी कुठलं औषध घेता, अका?" डॉक्टरने थोरल्या भावाला विचारावं तसं आदराने विचारलं.

"छे, औषध कसलं?"

तो खोटं बोलला नाही. औषध म्हणजे खोक्यातलं. माझ्यातून निघतं ते तंबाखूच्या बदल्यातलं, असंच तो धरून चालला होता. मी तर सुखावलोच. मी घरचा, औषध परकं!

पण ह्या डॉक्टरने पुरुषत्वासाठी दिलेल्या गोळ्यांचं चकचकीत पाकीट त्याने उशीखाली रेशमात गुंडाळून ठेवलं. माझ्या अंगाची आग झाली. त्याच्या छातीत पुन्हा कळ यावी म्हणजे तो माझ्याकडे येईल, असं मला वाटलं. हो, वाटलं.

एका गोळीने फारसं जमेना. "माझ्याकडचीही घे," सत्तोर म्हणाला. "दोन बैल जुंप, मग बघ!" त्याची गोळी निराळ्या नावाची होती.

पुढच्या गुरुवारी सकाळी कुमरीला उशीखाली पाकीट सापडलं. ती तणतणत शेजारच्या झुलैखो नर्सकडे गेली. "माझा माणूस हे कुणासाठी घेतो?"

"तुझ्यासाठीच, वेडे!" झुलैखो हसली. मग एकदम गंभीर झाली. "छातीसाठी जिभेखालची गोळी घेतो ना तो? ह्या दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तदाब कोसळतो. माणूस दगावतो."

कुमरीला लाज वाटली; तिने पाकीट गुपचूप उशीखाली परत ठेवलं. रात्रीचं जेवण झालं की सांगू, असं ठरवून ती चुलीशी बसली. तोवर पलीकडच्या खोलीत नोर्मतने पाकिटातली आणि सत्तोरची, अशा दोन्ही गोळ्या गिळल्या होत्या.

सांज होता होता त्याचा चेहरा लाल झाला, छाती आवळली. तो भिंत धरत अंगणात आला आणि त्याचा हात कमरेला गेला. माझ्याकडे! मित्रांनो, एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. त्याने बूच काढलं, गोळी तळहातावर घेतली.

"टाका ती! अहो, टाका!" कुमरी हातातल्या झाऱ्यासकट धावली आणि तिने त्याच्या हातावर फटका मारला. मी फरशीवर आपटून उभा चिरलो. "पाकिटातली घेतलीत ना?"

"दोन घेतल्या," तो बारीक आवाजात म्हणाला. "एक सत्तोरची."

"दोन? मला पुन्हा एकटं टाकायचंय का तुम्हाला?"

रुग्णवाहिका आली. काय घेतलं, किती, कधी, सगळं कुमरीने न लाजता सांगितलं. नोर्मत वाचला. मग हृदयाचे डॉक्टर आणि ते दुसरे डॉक्टर एकत्र बसले. "कशाबरोबर काय चालेल हे आम्ही ठरवू," ते म्हणाले. "सत्तोर-अकांनी नाही." उपचार बदलले. सावकाश का होईना, तो पुन्हा कुमरीच्या नजरेला नजर देऊ लागला.

ज्या क्षणी मी सर्वांत सुखी होतो, त्याच क्षणी मी त्याचा जीव घेणार होतो. म्हणून विनवतो, डॉक्टरांपुढे सगळं मांडा. तुमच्या लेखी जे औषधच नाही तेही. आणि मित्राच्या खिशातली गोळी मित्राच्याच खिशात राहू द्या.

आता त्या पांढऱ्या गोळ्या एका काचेच्या बाटलीत असतात आणि ती बाटली त्याच्या कमरेला असते. मी तिच्यावरही जळतो. पण तिच्यावर कुमरीने ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली आहे: 'मी सोबत आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.' तेवढं मला कधीच सांगता आलं नाही.