चांगल्या पायाचं लंगडणं

काचवालीचं नाव तिच्या नणंदेनं स्पर्धेत घातलं ते न विचारता, आणि सांगितलं तेही तोंडात घास असताना.

"वहिनी, तुझं नाव दिलंय. सौंदर्यस्पर्धा आहे. विशेष महिलांची."

"विशेष म्हणजे कुठल्या?"

"म्हणजे... तुझ्यासारख्या."

"चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या?"

नणंदेनं घास गिळायला जरा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाली, "पहिलं बक्षीस काय आहे ते तरी विचार. गुडघा आहे. नवा, कॉम्प्युटरवाला. भर जिन्यात दगा देत नाही तो."

यावर मात्र काचवालीनं विचारलं, "तालीम कधी आहे?"

काचवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासणारी, त्या फ्रेमच्या आकाराला आणणारी. नाव दुकानातल्यांनीच पाडलेलं. तिचा उजवा पाय मांडीपासून खाली नकली होता, लग्नाआधीच्या अपघातानंतरचा. पण व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आरशासमोर रडवून रडवून तिला असं चालायला शिकवलं होतं, की रस्त्यात कुणी वळून बघत नसे. वळून न बघणं ही तिची आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई होती.

गुडघा मात्र जुना झाला होता. सपाटीवर शहाण्यासारखा वागायचा आणि जिन्यात मनात येईल तेव्हा मुडपायचा. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट असून नसल्यासारखी. एकदा तिची पोर, ठमी, कडेवर असताना तो असाच मुडपला. ठमीच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि तेव्हापासून जिन्यात काचवालीच्या हातात पोर कुणी देईना. कुणी बोललं नाही, नुसते हात पुढे यायचे. सासूचे, नणंदेचे, शेजारणीचे. घरी कुणी नसलं की ती ठमीला मांडीवर घ्यायची आणि बसल्या बसल्या पायरी पायरी खाली सरकायची. ठमीला तो खेळ वाटे. ती आईच्या गळ्यात हात टाकून, "अजून, अजून," म्हणायची. शेजारीपाजारी दोघींना ओलांडून जायचे आणि जाताना हळहळायला विसरायचे नाहीत.

तेव्हा तिला हवा होता तो गुडघा. बाकी सगळ्या प्रकाराकडे ती नाक मुरडूनच बघत होती. हॉलच्या दारावरच फलक होता, 'अपूर्ण, तरीही अप्रतिम'. त्यातलं 'तरीही' मशीनवर धरून घासून टाकावं असं तिला वाटलं.

तालमीच्या पहिल्या दिवशी ती स्टेजवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवून आली. डान्समास्तरनं मान वाकडी केली.

"ताई, तुम्ही जरा जास्तच बऱ्या चालता."

"मग?"

मास्तरनं आयोजिकाबाईंकडे पाहिलं. बाई गळ्यातल्या मण्यांशी खेळत पुढे आल्या. त्यांचा आवाज सायीसारखा होता. "वाईट वाटून घेऊ नकोस हं राजा. पण लोक तिकीट काढून येणार. त्यांना कळायला तर पाहिजे ना, की तू... थोडं दाखवायचं."

"काय दाखवायचं?"

"संघर्ष."

संघर्ष म्हणजे लंगडायचं, हे मास्तरनं करून दाखवल्यावर तिला कळलं. तो तिच्यासमोर तोंड करून उभा राहिला, म्हणाला, "माझा आरसा व्हा," आणि उजवा पाय फरफटत मागे मागे जाऊ लागला. नाच असाच शिकवतात. मास्तरनं उजवा टाकला की समोरच्यानं डावा टाकायचा. काचवालीनं त्याचा आरसा होऊन डावा पाय फरफटला. म्हणजे तिचा स्वतःचा, हाडामांसाचा, आईनं दिलेला पाय.

"अगदी हेच," मास्तर खूश झाला. "बघा, पोटातून आलं."

तिला वाटलं, आता कुणीतरी सांगेल. कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, "मास्तर, नकली पाय उजवा आहे. मी चांगल्या पायानं लंगडतेय."

मास्तर विचारात पडला. पण पायाच्या नाही, दिव्यांच्या. "आता संगीत बसलंय ताई. लाईट डावीकडून आहे. आणि झगा घोळदार आहे, लोकांना कुठे कळतंय?"

खरं म्हणजे तिचीही सोयच झाली. त्या लहरी उजव्या गुडघ्यावर लंगडायला गेली असती तर तोंडावर आपटली असती. लंगडायला भक्कम पाय लागतो, हे तिला नव्यानंच कळलं.

ही गंमत बाकी कुणाच्या लक्षात आली नाही, फक्त राणीसरकारच्या आली. राणीसरकारही स्पर्धेतलीच, ती चाकाच्या खुर्चीत असायची आणि टॅक्सी कंपनीत फोनवर बसायची. 'आपली गाडी निघाली आहे,' हा तिचा आवाज साऱ्या शहराच्या कानात होता, तोंड कुणीच पाहिलेलं नव्हतं. स्टेजला पायऱ्या होत्या, उतरण करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यामुळे रोज चार जण तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवायचे.

"चार जण खांदा देतात," ती म्हणायची. "फक्त मेलेली नाही, एवढंच."

तालमीच्या शेवटच्या दिवशी दोघी पडद्यामागे चहा पीत बसल्या होत्या. राणीसरकार म्हणाली, "उद्या तूच जिंकणार. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे सगळी वासरं लंगडी, आणि तुझं लंगडणं तेवढं बसवलेलं."

"मला फक्त गुडघा पाहिजे. बाकी हा तमाशा आहे, आपल्याला बाजारात मांडलंय. तू कशी सहन करतेस?"

"सहन? मी तर नटून आले बाई." राणीसरकारनं कप खाली ठेवला. "थोतांड आहे हे मला का कळत नाही? मला थोतांडात पहिली यायचंय. त्या दुसऱ्या स्पर्धा काय मोठ्या सोवळ्या असतात? त्यांनाही गुरासारखं चालवतात आणि दात बघतात. पण तिथे मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

"म्हणून इथे यायचं?"

"तुला नाक मुरडणं परवडतं गं. झगा खाली सोडलास की झालीस चारचौघींसारखी. मी खुर्ची कुठे लपवू? माझ्याकडे लोक एकतर बघतच नाहीत, नाहीतर 'बिच्चारी' म्हणून बघतात. एक दिवस नुसतं 'काय दिसते' म्हणून बघू देत. मग मरू देत."

काचवालीनं उरलेला चहा एका घोटात संपवला. राणीसरकारचं खरं होतं, याचाच तिला जास्त राग आला.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खचाखच भरला. निवेदकाच्या गळ्यात हुंदका आधीच तयार होता, तो प्रत्येकीच्या नावाला एकेक वाटत होता. दिसत नसलेल्या मुलीनं गाणं म्हटलं, तेव्हा तो म्हणाला की खरे आंधळे आपणच आहोत. यावर डोळस लोकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. राणीसरकार जांभळ्या झग्यात खुर्ची गरकन फिरवत आली, मान ताठ, ओठांवर जराही हसू नाही. ती खरोखरच देखणी दिसत होती. लोकांना काय करावं कळेना. रडावं तर ती रडू देईना, आणि दुसरं काही करायची त्यांची तयारी नव्हती. टाळ्या बेताच्याच पडल्या.

मग व्हायोलिन सुरू झालं आणि काचवाली आपला धडधाकट पाय फरफटत दिव्यात आली. पुढच्या रांगेत रुमाल निघाले. एक बाई चष्मा काढून डोळे पुसत होती. चष्मा काचवालीच्याच दुकानातला होता, आणि बाईंनी तो नेताना काच तिरकी बसली म्हणून हिलाच झापलं होतं. आज त्याच बाई हिच्यासाठी नाक शिंकरत होत्या.

"तुमचं स्वप्न?" निवेदकानं विचारलं.

पाठ करून घेतलेलं वाक्य होतं, जग जिंकण्याबद्दलचं. पण मागच्या भिंतीपाशी नणंदेच्या खांद्यावर ठमी दिसली. झोप अनावर झालेली, गाल चेपलेला, एक मोजा गळून पडायच्या बेतात. काचवालीच्या तोंडून निघून गेलं, "मुलीला कडेवर घेऊन जिना उतरायचाय."

हॉल गदगदला. संध्याकाळभरातलं हे एकच वाक्य खरं होतं, आणि तेही त्या खोट्या लंगडण्याच्या टोपलीत जाऊन पडलं. तिला स्वतःचीच किळस आली.

ती जिंकली. आयोजिकाबाईंनी डोक्यावर मुकुट ठेवला. नकली अवयव बनवणाऱ्या कंपनीचे साहेब नमुन्याच्या गुडघ्याची मखमली पेटी घेऊन वर आले, फोटोवाल्यांकडे बघत एका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी झग्यावरून तिचा डावा पाय हातात घेतला. "हा पाय आता कधीच थांबणार नाही," ते माईकवर म्हणाले. हातात गरम, जिवंत पोटरी होती. हाताला ऊब लागत असणारच. पायांचाच धंदा करणाऱ्या माणसाला ती कळली नाही. कॅमेरे लखलखले. काचवाली हसली, आणि त्या रात्रीचं तेवढं हसू मास्तरनं बसवलेलं नव्हतं.

पडद्यामागे राणीसरकार मांडीवर दुसऱ्या क्रमांकाचा पुष्पगुच्छ घेऊन बसली होती. डोळ्यांतलं काजळ थोडं खाली आलं होतं.

"गुडघ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "मला मिळाला असता तर कागदांवर वजन म्हणून ठेवावा लागला असता. पण मुकुट तुझा नाही."

"नाहीच," काचवाली म्हणाली, आणि केसांत अडकलेला मुकुट सोडवून तिनं तो तिच्या डोक्यावर ठेवला. जरा वाकडा बसला. राणीसरकारनं आरशात बघून तो आणखी थोडा वाकडा केला, पुष्पगुच्छ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हॉलच्या मागच्या दाराला माल आणण्यासाठी केलेल्या उतारावरून ती थेट रस्त्यावर गेली.

पाठोपाठ आयोजिकाबाई आल्या. आवाजावरची साय निघाली होती. "मुकुट कुठाय? भाड्याचा आहे तो, दुकानदार दारात उभा आहे."

खिडकीतून रस्ता दिसत होता. दुकानांच्या उजेडात राणीसरकार सावकाश खुर्ची ढकलत चालली होती, आणि लोक वळून वळून बघत होते. एका तरुणानं तर सायकल थांबवली. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

"माहीत नाही," काचवाली म्हणाली.

"मुकुट आल्याशिवाय मापाची चिठ्ठी मिळायची नाही. आणि चिठ्ठीशिवाय कंपनी गुडघा देत नाही. नीट आठव."

काचवाली खुर्चीत बसली. झगा गुडघ्यांच्या वर घेतला आणि दोन्ही पाय बाईंसमोर लांब केले.

"तुमच्या साहेबांनी यातला कुठला धरला होता, बघा बरं."

बाईंनी पाहिलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मण्यांवरचा हात थांबला.

"फोटो उद्या छापून येणार ना?" काचवालीनं विचारलं. "मग लोक मला पाय विचारणारच. कुठला सांगू ते तुम्हीच ठरवा."

"ही तर... ही तर शुद्ध फसवणूक आहे."

"आहेच. मास्तरांनी छान बसवलीय."

इतक्यात नणंद झोपलेल्या ठमीला घेऊन दारात आली. काचवालीनं हात पुढे केले आणि इथे जिना नव्हता म्हणून नणंदेनंही मुकाट्यानं पोर दिली. ठमीनं झोपेतच आईच्या मानेत नाक खुपसलं.

बाई टेबलापाशी उभ्या राहून चिठ्ठी लिहू लागल्या. लिहिता लिहिता अडल्या. पेन तसंच हातात धरून त्यांनी, वर न बघता, आठवडाभरात कुणीच न विचारलेलं विचारलं.

"पाय कुठला?"

"उजवा," काचवाली म्हणाली. "आणि अक्षर जरा नीट काढा."